मागून कुणी ढकललं नव्हतं

"मी पडलो नाही सर, मला तायडीनं मागून ढकललं."

पाचवीतल्या त्या पोराचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. दिवाळी झाल्यावर चौथ्या दिवशी गावातली ऊसतोड मजुरांची टोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याकडे निघाली. एका ट्रॉलीत चार कोयत्यांचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या चार जोडप्यांचा, संसार होता. पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, बांबू, ताडपत्री, पाण्याचा ड्रम, दोन शेळ्या आणि त्या सगळ्याच्या वर माणसं. हा पोरगा पोत्यांवर अंथरलेल्या ताडपत्रीवर, अगदी पुढच्या कडेला बसला होता. दोन्ही हातांनी एक कोंबडी पोटाशी धरलेली. एका गावाच्या वेशीवर गतिरोधक दिसला, ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि पोरगा बाजूने खाली गेला. खांद्याजवळचं हाड मोडलं. प्लास्टर घालून त्याला आजीकडे परत पाठवलं, म्हणून तो त्या हंगामात शाळेत राहिला. त्याच्या मागे बसलेल्या बहिणीला मात्र तिथेच, रस्त्याच्या कडेला, मार पडला. ती सातवीत होती. "म्या हातबी लावला नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, असं नंतर तिच्या आईनेच मला सांगितलं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवतो. त्या पोराच्या तोंडून हे वाक्य ऐकलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटलं होतं. त्याच्या आईबापालाही ते पटलं. मोठ्या वर्गातली माझी मुलं तिथे असती तर त्यांनाही पटलं असतं, आणि त्यांना तर मी गतीचे नियम शिकवले होते.

दर जूनमध्ये नववीच्या विज्ञानाची सुरुवात 'गतीचे नियम' या पाठाने होते. मी एक साधा प्रश्न विचारतो. एसटी सरळ, सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने चालली आहे. सीटवर ठेवलेल्या दप्तरावर निव्वळ बल किती, आणि कोणत्या दिशेने? जवळजवळ सगळा वर्ग सांगतो की पुढच्या दिशेने. गाडी पुढे चाललीय म्हणजे दप्तराला पुढे नेणारं काहीतरी असणारच. उत्तर आहे शून्य. पृथ्वी दप्तराला खाली ओढते, सीट तेवढंच वर ढकलते, हिशेब मिटतो. आडव्या दिशेने त्याच्यावर काहीही लागत नाही. ते ६० च्या वेगाने चाललंय कारण ते आधीपासूनच तसं चाललं होतं आणि त्याला अडवायला कुणी आलेलं नाही. न्यूटनने १६८७ मध्ये हे नियम म्हणून मांडलं. त्याच्या अर्धशतक आधी, १६३२ साली, गॅलिलिओने संथ चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत बसलेल्या माणसाला जहाज उभं आहे की चाललंय हे ओळखता येणार नाही, असं सविस्तर समजावून सांगितलं होतं. पोरांना हे उत्तर लिहिता येतं, एक गुणही मिळतो. पण पटत नाही, आणि ते पटलं की नाही हे तपासायला आमच्याकडे परीक्षाच नाही.

आता ब्रेक लागतो. गाडीवर मागच्या दिशेने बल लागतं, रस्ता टायरला मागे ढकलतो, गाडीचा वेग कमी होतो. ट्रॉलीचा वेग कमी करायला तिला जोडलेला दांडा आहे. पोत्याचा वेग कमी करायला ट्रॉलीच्या तळाचं घर्षण आहे, पुढची फळी आहे. ताडपत्रीवर बसलेल्या पोराचा वेग कमी कोण करणार? त्याच्यावर मागच्या दिशेने पुरेसं बल लावणारं कुणी नसेल, तर तो पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहील आणि खालची ट्रॉली मागे राहील. ट्रॉलीत बसून पाहणाऱ्याला हेच "पुढे फेकला गेला" असं दिसतं. फेकणारं बल शोधायला गेलं तर सापडत नाही. मग माणूस मागे बसलेल्या बहिणीला पकडतो.

अकरावीच्या पुढे शिकवणारे माझे मित्र म्हणतात की गाडीतल्या माणसाच्या नजरेने गणित मांडायचं असेल तर आभासी बल, म्हणजे हिशेबापुरतं मानलेलं बल, धरता येतं, त्यात चूक काही नाही. बरोबर आहे. तसं मांडूनही उत्तर तेच येतं. पण आभासी बल कुणी लावलं, या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून तर ते आभासी. आणि माझ्या मते नववीतल्या पोराला, त्यातही मराठवाड्यातल्या नववीतल्या पोराला, सर्वांत आधी हाच प्रश्न विचारायची सवय लागली पाहिजे की हे बल लावणारं कोण आहे? दोरी, फळी, सीट, घर्षण, पट्टा, हात. नाव सांगता आलं पाहिजे. नाव सांगता आलं नाही तर बल नाही. आणि थांबवणारं बल गाडीत मिळालं नाही तर ते शेवटी रस्ता देतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की चालत्या वाहनातल्या माणसावर किती बल लागतं आणि ते कुणाकडून येतं, हा आमच्या भागात सार्वजनिक प्रश्न आहे. आम्ही त्याला एकीकडे दोन गुणांचं उदाहरण केलं आणि दुसरीकडे नशीब म्हणून सोडून दिलं.

दप्तराच्या जागी माणूस ठेवून पाहा. साठ किलोचा माणूस, ताशी ६० चा वेग, म्हणजे सेकंदाला जवळपास १६.७ मीटर. गाडी समोरच्या ट्रकवर आदळली आणि माणूस सेकंदाच्या दहाव्या भागात थांबला, तर त्याला थांबवायला सरासरी दहा हजार न्यूटन बल लागतं. एक टनाच्या वजनाएवढं. पट्टा बांधला असेल तर ते छातीच्या आणि कमरेच्या हाडांवर पसरून येतं, पट्टा थोडा ताणतो, थांबायला जरा जास्त वेळ मिळतो. पट्टा नसेल तर काच किंवा पुढची सीट ते बल लावते, तेही कमी वेळात आणि कपाळासारख्या लहान जागेवर. ६० च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण चौदा मीटरवरून, चार मजल्यांवरून खाली पडणं. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर पोराला बसवा म्हटलं तर आमच्याकडची कुठलीही आई अंगावर येईल. तीच आई काळी-पिवळी जीपमध्ये तान्ह्याला मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसते, आणि तिला वाटतं की बाळ सगळ्यात सुरक्षित जागी आहे. दहा किलोचं बाळ, ४० चा वेग, तेवढ्याच वेळात थांबवायचं तर अकराशे न्यूटन. एकशे दहा-बारा किलोचं ओझं सेकंदाच्या दहाव्या भागात नुसत्या हातांनी पेलायचं. आईच्या मायेत काही कमी नसतं. हातांत तेवढं बल नसतं, कुणाच्याच हातांत नसतं.

पट्टा मागच्या सीटवरही लागतो, हे आम्हाला तर कुणी शिकवायलाच नको होतं. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रीय मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. गाडीत ते मागच्या सीटवर होते, दुसऱ्या गाडीने धडक दिली. त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन स्वतः डॉक्टर. मागच्या सीटचा पट्टा शोभेसाठी असतो या समजुतीने आपण एक मित्र गमावला, या अर्थाचं ते जाहीरपणे बोलले होते. त्या दिवशी परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणसं कशी रडत होती ते मी पाहिलंय. अपघाताच्या चौकशीवर, संशयावर आमच्याकडे वर्षानुवर्षं बोललं गेलं. ते बोलू नये असं मी म्हणणार नाही, पण पट्ट्याबद्दल पारावर मी एकदाही चर्चा ऐकली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा न बांधण्याला हजार रुपये दंड झाला, मागच्या सीटलाही तो नियम आहे. आमच्याकडे पट्टा दंडाच्या भीतीने, तोही पुढच्याच सीटवर आणि पोलीस दिसतोय तोवरच बांधतात.

आता गतिरोधकाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे आमच्या गावागावाने स्वतःच्या हाताने संकट बांधून ठेवलंय. गाडी उंचवट्यावरून जाताना तिचा तळ वर जातो आणि लगेच खाली येतो. बसलेल्या माणसाला खाली आणणारं एकच बल असतं, गुरुत्वाचं. ट्रॉलीचा तळ त्याला वर ढकलू शकतो, खाली ओढू शकत नाही. तळ जर गुरुत्वाच्या त्वरणापेक्षा जास्त त्वरणाने खाली गेला तर माणूस क्षणभर हवेत राहतो. त्या क्षणी त्याच्या बुडाखालचं घर्षणही शून्य होतं, म्हणजे त्याला गाडीसोबत थांबवणारं उरलंसुरलं बलही जातं. इंडियन रोड्स काँग्रेसने गोल गतिरोधकाचं माप ठरवून दिलंय. १७ मीटर त्रिज्येचा कंस, ३.७ मीटर रुंदी, १० सेंटिमीटर उंची, २५ च्या वेगासाठी. अशा कंसावरून माणूस हवेत उचलला जायला कागदावर ४६ च्या आसपास वेग लागतो. आमच्याकडे एखादा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी मुरूम आणि डांबराचा जो उंचवटा टाकला जातो त्याची त्रिज्या दोन मीटर धरली, तर तोच वेग १६ वर येतो. स्प्रिंग नसलेली किंवा दाबून बसलेली ट्रॉली त्यावरून २० ने गेली की वरची सगळी माणसं, भांडी, पोरं एकदम उडतात. वेशीतल्या पोरांना वाचवायला टाकलेला तो उंचवटा दुसऱ्या गावच्या पोरांना ट्रॉलीतून खाली टाकतो. गतिरोधक हवाच, पण मापात हवा, आणि ते माप तालुक्याच्या अभियंत्याला माहीत असतं.

वळणाचं थोडक्यात. मांजरसुंब्याच्या घाटात ट्रॉली वळते तेव्हा वरचा माणूस बाहेर फेकला जातोय असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला वळवायला आतल्या बाजूने बल लागतं आणि ते देणारं पुरेसं कुणी नसल्यामुळे तो सरळ जात राहतो. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण २० ने घेतलं तर साठ किलोच्या माणसाला ३७ न्यूटन पुरतात. ४० ने घेतलं तर दुप्पट नाही, चौपट लागतात. उसाने भरलेल्या उंच ट्रॉलीचंही तसंच. भार जितका उंच तितक्या कमी वेगाला ती कलंडते.

सामानाचा विचार तर कुणीच करत नाही. माणसं पुढे बसवतात, कारण पुढे धूळ कमी लागते, आणि पेट्या-ड्रम मागे. भरलेला दोनशे लिटरचा ड्रम पाव टनाच्या घरात जातो. पत्र्यावर पत्रा फार धरत नाही. जोराचा ब्रेक लागला की माणसांना मागून येऊन धडकणारी पहिली वस्तू तोच असतो. पाणी मुक्कामावर भरता येतं, निघताना ड्रम रिकामा ठेवा, जड पेट्या पुढच्या फळीला टेकवून लावा, माणसं मागे. एवढं टोळी नेणाऱ्या एका मुकादमाला मी समजावून सांगितलं तेव्हा त्याने लगेच ऐकलं. त्याला आडमुठेपणा करायचा नव्हता. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

यावर मला नेहमी तीन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, ट्रॅक्टर हळू चालतो. हळू म्हणजे वीस-पंचवीस, आणि वरून पडणाऱ्याची उंची वेगळी, मागून येणाऱ्या ट्रकचा वेग वेगळा. सोलापूर-धुळे महामार्गावर रात्री अंधारात चाललेल्या ट्रॉलीला ८० च्या वेगाने काही येऊन धडकलं तर आपण हळू चाललो होतो याचा काय उपयोग? उलट तेवढा वेगातला फरक जास्त.

दुसरी गोष्ट, लोक स्वतःच ट्रॉलीत बसतात, त्यांना कोण अडवणार? हे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या गाडीतून आलेला असतो. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेल्या जोडप्याला कसं जायचं हे निवडता येत नाही. वाहतूकदार ट्रॉली पाठवतो, मुकादम वेळ सांगतो, त्यात बसायचं. मालाची गाडी ही प्रवाशांची गाडी नव्हे, हे कायद्यात स्पष्ट आहे. पण हंगामाच्या तोंडाशी जिल्ह्यातल्या प्रत्येक नाक्यावरून या ट्रॉल्या जातात आणि त्यांना कुणी विचारत नाही, कारण ती माणसं गेलीच पाहिजेत असं सगळ्यांनी मनाशी ठरवलेलं आहे.

तिसरी गोष्ट खर्चाची, आणि ती मी गंभीरपणे घेतो. लग्नाच्या वऱ्हाडाला एसटी प्रासंगिक करारावर मिळते. गावातली माणसं पंढरपूरला, तुळजापूरला तशीच जातात. मग टोळीला का नाही? संसार ट्रॉलीत जाऊ दे, माणसं एसटीत जाऊ देत. जायची एक खेप, यायची एक खेप, हंगामात दोनदा. हा खर्च मजुराच्या उचलीतून कापायचा नाही, तो गाळपाच्या खर्चात धरायचा. ऊस फडातून गव्हाणीपर्यंत नेण्याचा खर्च कारखाना धरतोच, मग ऊस तोडणारा माणूस फडापर्यंत नेण्याचा का धरू नये? मुंडेंच्याच नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं आहे, त्यासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या टनामागे रक्कम घेण्याचं धोरण आहे. त्या पैशातून पहिलं काम प्रवासाचं व्हावं, असं मला मनापासून वाटतं. विमा नंतरही देता येईल, आणि विमा मिळतो तेव्हा माणूस पडून गेलेला असतो.

आणि शाळेचं काय? अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीनंतर वर्गातून जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, बरीच आईबापाबरोबर जातात. गतीचे नियम मात्र जूनमध्येच शिकवून झालेले असतात. म्हणजे ज्या पोरांना पुढचं प्रकाशाचं, ध्वनीचं प्रकरण वर्गात भेटणार नाही, त्यांनाही हा एक पाठ मिळालेला असतो आणि पाच महिन्यांनी ती त्याच पाठाच्या उदाहरणावर बसून प्रवास करतात. अशा पोरांपुढे आम्ही घर्षणरहित पृष्ठभागावरचा ठोकळा ठेवतो. ट्रॉली ठेवा. काळी-पिवळी ठेवा, दुचाकीवर मागे दोन पोरं घेऊन बसलेली बाई ठेवा. उतरत्या फळीवरून सुटून पायथ्याच्या मातीच्या ढिगाला आदळणारं ढकलगाडं करा, त्यावर ओल्या मातीचा बाहुला बसवा, एकदा मोकळा आणि एकदा चिंधीने बांधून. माझ्या वर्गात हे दर वर्षी होतं. खर्च काही नाही. मोकळ्या बाहुल्याचं डोकं जातं तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो.

तायडी या वर्षी नववीत आली. मधले दोन हंगाम ती गेली होती, तरी नाव पटावर टिकवलं आम्ही. जुलैमध्ये मी ट्रॉलीचा प्रश्न फळ्यावर घातला. नाव कुणाचंच घेतलं नाही. अठ्ठावीस किलोचा मुलगा ताडपत्रीवर बसलाय. ट्रॉलीचा वेग एका सेकंदात २० वरून ९ वर आला. मुलाला ट्रॉलीसोबत राहायला किती बल लागेल? ताडपत्रीचं घर्षण त्याच्या वजनाच्या पाचव्या भागाएवढं धरा.

ती स्वतःहून उठली. त्वरण काढलं, सेकंदाला तीन मीटर प्रति सेकंद. गुणिले अठ्ठावीस, चौऱ्याऐंशी न्यूटन. मग घर्षण काढलं, पंचावन्न. वजाबाकी केली आणि एकोणतीसवर थांबली. बराच वेळ ती फळ्याकडेच तोंड करून उभी होती.

"किती किलोचं वजन होतंय सर हे?"

"तीन किलोच्या जवळपास."

"म्हणजे एका हातानं दोरी धरली असती तरी झालं असतं," ती म्हणाली. "पण हात कोंबडीला होते."